पाठीतले स्क्रू आणि घाण्याचं बूड

माझ्या पाठीत कुणाचं तरी पेटंट आहे. कमरेच्या जरा वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, कातडीखाली. ऑपरेशनच्या आधी नांदेडच्या डॉक्टरांनी टेबलावरचा पिवळा प्लास्टिकचा मणका पुढे ओढला, त्यातला एक स्क्रू काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. सोनाराच्या दुकानात मी कधी एवढं निरखून काही बघितलं नसेल. हाडात जाणारा भाग अगदी ताठ. डोकं मात्र वाटीत बसवलेल्या गोळीसारखं, कुठल्याही बाजूला कलणारं. का, तर त्यात बसणारी दांडी जराशी तिरपी आली तरी डोकं तिच्याप्रमाणे वळतं आणि हाडावर ताण येत नाही.

"ही युक्ती कुणाची?" मी विचारलं.

"कंपनीचं पेटंट आहे," डॉक्टर म्हणाले. मग पेटंट म्हणजे काय तेही त्यांनी सांगितलं. ज्यानं आधी डोकं चालवलं त्याच्या नावानं ती गोष्ट सरकारदरबारी लागते, आणि काही वर्षं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला ती करता येत नाही.

"मग मी मेल्यावर हे त्यांना परत द्यायचं का?"

डॉक्टर गडबडले आणि त्यांनी नर्सला माझं बीपी बघायला सांगितलं. मी घाबरून बडबडतेय असं त्यांना वाटलं असावं. मी घाबरले होतेच, पण बडबड माझी नेहमीचीच आहे. माझ्या पोटात काही राहत नाही, हे सासरी सगळ्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

लातूरला आमचा तेलाचा घाणा आहे. लाकडी घाण्याचं तेल म्हटलं की हल्ली लोक लांबून येतात, बाटलीला नाक लावून वास घेतात, मान डोलावतात. पण घाण्यातून पेंड कशी निघते हे कुणी विचारत नाही. उखळात करडई टाकायची, मुसळ फिरायला लागतं, तेल खालच्या भोकातून बाहेर येतं. इथपर्यंतचं काम मोटर करते. तेल निघून गेलं की उरलेली पेंड उखळाच्या तळाशी अशी चिकटून बसते, की धोंड्याच्या महिन्यात आलेला जावई बरा. मग कमरेतून वाकायचं, डोकं आत घालायचं, सळईनं ती टोकरायची आणि हातांनी उपसायची. एक घाणी झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी.

लग्न होऊन आले तेव्हापासून हे काम माझं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. करडई चिरडताना वास कसा बदलत जातो, तेल सुटायच्या क्षणी मुसळाचा आवाज कसा जड होतो, हे मला स्वयंपाकघरातून कळायचं. दुकानाच्या पाटीवर सासऱ्यांचं नाव आहे आणि खाली 'आणि मुले' असं लिहिलेलं आहे. गिऱ्हाईक येतं ते "मालक आहेत का" असं विचारत. त्या सगळ्या पसाऱ्यात माझं म्हणावं असं काही असेल तर तो घाणाच होता. आणि त्यानंच माझा मणका सरकवला.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं, आता वाकायचं नाही. कधीच नाही. हे म्हणाले, "तू आपली गल्ल्यावर बस. सावलीत, पंख्याखाली." ते मायेनंच म्हणाले होते, पण मी ढसाढसा रडले. पंख्याखाली बसून नोटा सारख्या करण्यासाठी मी इतकी वर्षं उखळात डोकं घातलं नव्हतं. मला माझा घाणा परत पाहिजे होता. आणि दवाखान्यातल्या त्या स्क्रूनं मनात भलतंच काही सोडून दिलं होतं. या घरात एखादी वस्तू अशी असावी, जिच्यावर माझं नाव आहे. 'आणि मुले' नको, 'घरची मंडळी' नको. माझं.

दरम्यान यांनी माझ्यासाठी एक फोमची गादी आणली. दुकानदारानं सांगितलं होतं म्हणे, की हा पेटंट फोम आहे, अंगाचा आकार लक्षात ठेवतो. त्यानं माझा आकार असा काही लक्षात ठेवला की मी आत रुतले आणि मला बाहेर काढायला यांना आणि शेजारणीला मिळून यावं लागलं. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "अहो, कडक गादी सांगितली होती ना?" ती गादी भिंतीला उभी करून ठेवली आणि मी पुन्हा कापसाच्या जुन्या गादीवर पडून छताकडे बघायला लागले.

छताकडे बघण्यात पुष्कळ वेळ गेला. एका दुपारी वाटलं, मला जर पेंडीकडे खाली जाता येत नसेल, तर पेंडीनंच खाली यावं. उखळाला तळ कशाला हवा? म्हणजे हवा, पण तो उघडता यायला हवा.

मी भाजीची सुरी मागवली आणि भिंतीला टेकलेल्या गादीतून एक मोठा तुकडा कापला. फोम कापायला किती गोड असतो ते कापल्याशिवाय कळायचं नाही. त्याचं छोटं उखळ केलं, त्याला खालून वेगळं बूड बसवलं, आणि बूड जागेवर राहावं म्हणून आडवी पाचर. आत शिळ्या भाकरीचा काला दाबून भरला. हे दुकानातून जेवायला आले तेव्हा त्यांच्यासमोर पाचर ओढली. बूड खाली आलं आणि काला ताटात पडला.

यांनी ताटाकडे बघितलं, मग भिंतीच्या गादीकडे. "गादी गेली," एवढंच म्हणाले. हात धुतले, जेवले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "बाभळीचं खोड कुठं मिळतंय बघून येतो."

नवा घाणा आम्ही कमरेएवढ्या उंचीच्या चौथऱ्यावर उभा केला. खाली टोपली मावेल एवढी जागा ठेवली, पाचरीला लांब दांडा लावला. पहिल्यांदा मी ताठ उभी राहून दांडा ओढला आणि पेंडीचा अख्खा गोळा धप्पकन टोपलीत पडला, तेव्हा मी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. उडी मारायला बंदी होती म्हणून, नाहीतर तीही मारली असती.

नवी करडई बाजारात आली होती. आमच्या घरची रीत अशी, की नव्या घाण्याची पहिली घाणी झाकून काढायची नाही. आलेल्या प्रत्येकानं घरून ओंजळभर करडई आणायची, आपल्या हातानं उखळात टाकायची, घाण्याला हात लावायचा, काय कसं केलंय ते विचारायचं. पहिलं तेल महादेवाच्या दिव्याला जातं आणि पेंड सगळ्यांच्या गाईम्हशींना वाटली जाते. यात आडपडदा ठेवला तर घाणा लाभत नाही, अशी समजूत आहे. आम्ही जंगम स्वामींना बोलावलं, गल्ली बोलावली, पै-पाहुणे बोलावले. मी इरकल नेसून, पाठीला पट्टा बांधून घाण्याशेजारी उभी राहिले आणि येईल त्याला दांडा ओढून दाखवला. अहमदपूरचा एक सुतार फार बारकाईनं बघत होता. चौथऱ्याखाली वाकून त्यानं पाचरीची जाडी बोटांनी मापली. बोटांनी कशाला मोजता, म्हणून मीच त्याला घरातून टेप आणून दिला.

त्यानंतर तपासणीसाठी नांदेडला गेले, तेव्हा डॉक्टरांनी एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मॅडमचा पत्ता दिला. मॅडम पेटंट एजंटची परीक्षा पास झालेल्या होत्या. वयानं माझ्या भाचीएवढ्या, पण बोलणं मोजकं. मी मोबाईलवर घाण्याचे फोटो दाखवले. त्यांचे डोळे चमकले.

"छान आहे हो हे! अजून कुणाला दाखवलं नाहीये ना?"

"दाखवलं नाही कसं? मॅडम, जेवण दिलं."

"जेवण?"

"अख्ख्या गल्लीला. पाहुण्यांना. दोन-तीन घाणेवाल्यांना."

"घाणेवाल्यांना पण?"

"त्यांना तर आधी. मान असतो त्यांचा."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं. पेटंट नव्या गोष्टीला मिळतं, आणि जी गोष्ट अर्जाच्या आधीच चारचौघांना उघड करून दाखवली ती कायद्याच्या हिशेबी नवी राहत नाही. "पण ती मीच काढलीय," मी म्हटलं. "तुम्हीच काढलीय," त्या म्हणाल्या, "आणि तुम्हीच वाटून टाकलीय."

परतीच्या बसमध्ये माझा नुसता संताप झाला. लपवून ठेवलं तर माझं, वाटलं तर कुणाचंच नाही, हा कुठला न्याय? आमच्याकडे जो झाकून ठेवतो त्याला नावं ठेवतात. हे हळूच म्हणाले, "अगं, पहिलं तेल देवाच्या दिव्याला तर गेलं ना." मी म्हटलं, "देव पेटंट देतो का?"

पण मी वाकले नाही, आणि घाणा चालू राहिला. पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि नवी पीडा सुरू झाली. बुडाच्या कडेनं तेल गळायला लागलं. आज या बाजूनं, उद्या त्या बाजूनं. पाचर जास्त ठोकली तर एक कड घट्ट व्हायची आणि समोरची उघडायची. मुसळ फिरताना ज्या बाजूला दाब देतं तिकडे बूड कलत होतं, हे लक्षात यायला बरेच दिवस गेले. कलू नये म्हणून मी हरतऱ्हेनं अडवून बघितलं. आणि एकदा पाठीचा पट्टा सोडताना मलाच माझं हसू आलं. अडवायचं कशाला? कलू द्यावं की. माझ्या पाठीत काय बसवलंय मग?

बुडाच्या खाली मी लोखंडी वाटी बसवली आणि तिच्यात गोल डोक्याचा टेकू. आता मुसळाचा दाब जिकडे जाईल तिकडे बूड स्वतःच वळायचं आणि चारी कडांनी सारखं चिकटून राहायचं. तेलाचा थेंब गळेना. वाटी आणि टेकू एमआयडीसीतल्या लेथवाल्यानं करून दिले, पण ते कशाला पाहिजेत हे मी त्याला सांगितलं नाही. सांगताना नव्हे, न सांगताना माझ्या तोंडाला कोरड पडली. घाण्याभोवती जुन्या चादरीचा पडदा लावला. गिऱ्हाइकं विचारायची, "अक्का, आत बाळंतीण हाय का काय?" मी हसून वेळ मारून न्यायची. घरात फक्त यांना ठाऊक होतं. मॅडमना फोनवर एवढंच सांगितलं, की नवीन काहीतरी आहे आणि या वेळी जेवण दिलेलं नाही. त्यांनी दुपारची वेळ दिली.

त्या सकाळी आम्ही निघालो. वाटी आणि टेकू फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत होते. वाटेत अहमदपूरला उतरायचं हा हट्ट माझा. त्या सुतारानं माझ्यासारखे घाणे करून विकायला काढल्याचं कानावर आलं होतं, आणि लातूर सोडल्यापासून मी मनात भांडण घोटत होते.

त्याच्या शेडमध्ये माझ्याच घाण्याची जुळी भावंडं उभी होती. कमरेएवढी उंच, लांब दांड्याची. माझ्या अंगाची लाही झाली. मला बघताच तो रंधा टाकून धावत आला. "अक्का! या, या! लई बरं झालं आलाव. तुमच्याकडंच यायलो होतो."

"न विचारता केलेत हे?"

"इचारायचं काय अक्का? तुम्हीच तर समद्यांम्होरं दाखवलाव. टेपबी तुमचाच होता."

भांडणाचं पहिलं वाक्यच असं मोडल्यावर पुढची कशी निघणार? तेवढ्यात मागून एक बाई पुढे आल्या. साठीच्या असतील. कमरेत वाकलेल्या, हातात केळीची फणी. हदगावहून आल्या होत्या, टेंपोत घाण्याचं बूड घालून, आणि वाटेत अर्धापूरला केळी घेतली होती. सुतारानं माझी ओळख करून दिली, तशी त्यांनी ती फणी माझ्याच हातात ठेवली.

"तुमचा घाणा हाय होय व माय? लई सुख झालं मला. उभं राहून काम करून राहिले आता. पण तेल गळून राहिलं ना. पोरगा म्हनते, हे काढून टाक अन् जुनाच बसव. आज सुताराला परत द्यायला आले. मंग पुन्हा हायच माझं वाकणं."

बुडाच्या कडेवर तेलाचा काळा डाग होता. एकाच बाजूला. मी बघताक्षणी ओळखलं. उत्तर माझ्या पिशवीत होतं, हात घातला की निघणारं. सुताराला करायला एक दुपार पुरली असती. जीभ अक्षरशः दातांवर आपटत होती. मी यांच्याकडे बघितलं. यांनी माझ्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

मी गप्प बसले. अशी गप्प मी जन्मात बसले नव्हते. त्या बाईंच्या कमरेकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडे कुठं बघावं तेही कळत नव्हतं. शेवटी म्हटलं, "आज परत देऊ नका. संध्याकाळपर्यंत थांबा."

"संध्याकाळी काय व्हणार हाय?"

"ते आत्ता विचारू नका. तुमचा नंबर द्या."

त्यांनी नंबर दिला, पण चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही. का दिसावा? माझ्यापाशी काहीतरी आहे आणि मी ते देत नाही, एवढं कुठल्याही बाईला कळतं. नांदेड येईपर्यंत मला स्वतःचाच राग येत राहिला. केळी मांडीवर होती, खाववली नाहीत.

मॅडमनी वाटी हातात घेतली, टेकू बसवला, बोटानं कलवून बघितला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे कुणी कुणी बघितलंय?"

"यांनी."

"आणि?"

"लेथवाल्यानं करून दिलं, पण कशाला पाहिजे ते त्याला सांगितलं नाही. बाकी कुणी नाही."

"नक्की?"

"मॅडम, सकाळी एका वाकलेल्या बाईच्या समोर तोंडाला कुलूप लावून बसले होते मी. आता तुम्ही तरी विश्वास ठेवा."

चित्रं, मापं, काम कसं चालतं याची माहिती त्यांनी आधी सविस्तर विचारून लिहून घेतली. मी आरामात बोलले, सकाळचं साठलेलं सगळं बाहेर आलं. मग कॉम्प्युटरवर अर्ज उघडला. "पहिलं म्हणजे शोध लावणाऱ्याचं नाव," मॅडम म्हणाल्या आणि कीबोर्डवर बोटं ठेवून थांबल्या.

आणि माझ्यासारख्या बडबडीला नेमकं तेव्हाच बोलता येईना. मी नुसता पाण्याचा ग्लास उचलला.

मग यांनी सांगितलं. माझं नाव. आधी ते, मग त्यांचं, मग आडनाव, एकेक अक्षर नीट सुटं करून. मॅडमनी टाइप केलं ते खुर्चीवरून पुढे वाकून तपासलंसुद्धा. आमच्याकडे बायकोला नावानं हाक मारत नाहीत. ऐकतेस का, अगं, आमच्या घरी, यावरच संसार होतो. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर त्यांच्या तोंडून माझं नाव मी त्या दुपारी ऐकलं, आणि मॅडमसमोर मला रडू फुटलं. हे खिडकीबाहेर बघत बसले. त्यांचेही कान लाल झाले होते.

थोड्या वेळानं पावती आली, तिच्यावर अर्जाचा नंबर. मॅडमनी सगळं खरं खरं सांगितलं. तपासणी व्हायची आहे, शंका विचारतील, वर्षं लागतील, आणि मिळेलच अशी हमी नाही. "पण आजची तारीख तुमची झाली," त्या म्हणाल्या. "आता कुणालाही दाखवा."

"आत्ता?"

"आत्ता."

मी कॉलेजच्या पायऱ्यांवरच उभी राहिले आणि हदगावच्या बाईंना फोन लावला. अजून दिवस मावळला नव्हता. पलीकडून टेंपोचा आवाज येत होता. त्या अजून रस्त्यातच होत्या, आणि बूड त्यांच्याजवळच होतं, परत दिलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

"कोण बोलून राहिलं?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

अशा वेळी मी नेहमी 'लातूरच्या तेलवाल्यांच्या घरून' असं सांगते. त्या दिवशी मी माझं नाव सांगितलं. ऐकू गेलं नाही म्हणून आणखी मोठ्यानं सांगितलं. आणि मग म्हटलं, बाई, टेंपो कडेला घ्यायला लावा आणि नीट ऐका, बुडाखाली एक वाटी बसवायची आहे.